आत्या आधी जेवली तो दिवस

माझ्या आईच्या तेरवीपुरती म्हणून सुमनआत्या आमच्या घरी आली आणि राहिलीच. तेव्हा मी इतकी लहान होते, की आई मला फक्त फोटोतून माहीत आहे. आत्या मात्र अंगाखांद्यावर, केसांच्या वेण्यांत, तापातल्या मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांत, सगळीकडे आहे. ती बाबांची धाकटी बहीण. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलेलं होतं, ही गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. मुलाकडच्यांनी काही महिने वाट पाहिली, मग निरोप पाठवून दुसरीकडे सोयरीक केली. त्यावर आत्याने काय केलं असेल? मला वाटतं, निरोप आणणाऱ्याला चहा दिला असेल आणि मला न्हाऊ घातलं असेल. तक्रार करायला सवड मिळावी असं तिचं आयुष्य नव्हतं, आणि तिचा स्वभावही नव्हता.

नागपूरला नंदनवन भागात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मागे न्हाणी, पुढे पेरूचं झाड असलेलं एवढंसं अंगण. बाबा सरकारी ऑफिसात कारकून. ते सकाळी सायकलवर टिफिन लटकवून निघून गेले, की घरात आत्याची शिलाई मशीन सुरू व्हायची. वस्तीतल्या बायांचे ब्लाऊज, परकर, पोरींचे शाळेचे स्कर्ट, सगळं ती शिवायची. शाळेतून येताना कोपऱ्यावरच मशीनची खडखड ऐकू आली, की मला हायसं वाटायचं. मशीन थांबली म्हणजे आत्या चुलीकडे गेली. मग तुरीच्या वरणाला लसणाची फोडणी बसल्याचा आवाज, कधी कोथिंबीर भरलेल्या पुडाच्या वड्या, कधी अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर. घरमालक वरच्या मजल्यावर राहायचे. घरात मासळी शिजणार नाही, अंडंसुद्धा येणार नाही, या बोलीवरच त्यांनी खोल्या दिल्या होत्या. बाबा आणि आत्या नदीकाठच्या गावात मासळी खाऊन वाढलेले. पण या बोलीबद्दल दोघांनी कधी कुरकुर केली नाही, आणि मला तर त्या चवीची ओळखच नव्हती.

आत्या सगळ्यांच्या शेवटी जेवायची. आधी बाबा, मग मी, मग कोणी आलं-गेलं ते, आणि मग भांड्यात उरेल त्यात ती. पुष्कळदा ती पाटावर बसायचीही नाही. चुलीशी उकिडवी बसून, ताटली गुडघ्यावर ठेवून, गार भाकर वरणात कुस्करून खायची आणि लगेच भांडी ओढायची. हे मी रोज पाहत होते. पण रोज दिसणारी गोष्ट आपण पाहतोच असं नाही.

त्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी मुंबईला जाऊन समुद्र पाहून आली आणि रुमालात शिंपले घेऊन आली. तेव्हापासून मी घरात समुद्राचा धोशा लावला. नागपूरहून समुद्र कोणत्याही बाजूने सारखाच लांब, हे भूगोलाच्या बाईंनी नकाशावर दाखवलं होतं, तरी माझं आपलं चालूच. शेवटी आत्या कंटाळून म्हणाली, "समुद्र पाह्याले रेल्वेचं तिकीट लागते, मिने. तलाव पाह्याले टिफिन पुरते. तलाव दाखवीन तुले एक दिवस, इतका मोठा का पलीकडचा काठ दिसणार नाही."

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. एका शनिवारी रात्री जेवताना बाबांनी सांगितलं की उद्या आपण सावरटोलीला जाऊ. सावरटोली मौद्याच्या पलीकडे, मोठ्या तलावाच्या काठावर. बाबांच्या ऑफिसातल्या एका सोबत्याचं ते गाव, आणि त्या सोबत्याचे चुलतभाऊ देवरावजी तिथे राहतात, तेच आपल्याला तलाव दाखवतील. मी उठून नाचलेच. आत्याने खाली पाहत बाबांना भाकर वाढली. सकाळी पाहिलं तर तिने नवा ब्लाऊज घातला होता, गडद हिरवा. दुसऱ्यांचे इतके शिवले, पण तिच्या अंगावर नवा ब्लाऊज पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, "किती छान दिसून राहिली तू." ती म्हणाली, "चाल, बस जाईन," आणि तिखट पुऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला.

बस भंडारा रोडने निघाली. खिडकीतून येणारं वारं असं बोचरं होतं, की आत्याने मला पदरात घेतलं. कन्हानचा पूल आला तेव्हा बसमधल्या बायांनी हात जोडले आणि आत्यानेही जोडले, पण तिचे हात जरा जास्तच वेळ जोडलेले राहिले. आता त्या रस्त्याने गाडीतून जाताना वीज केंद्राची धुराडी लांबूनच दिसतात आणि मौदा कधी आलं ते कळतही नाही. त्या वेळी दोन्ही बाजूंना कापणीला आलेला धान होता आणि ऊन पडलं की सगळा मुलूख पिवळाधमक व्हायचा. मौद्याला देवरावजी स्वतः बैलगाडी घेऊन उभे होते. उंच, सावळे, कानांवर मफलर गुंडाळलेला. त्यांनी बाबांना रामराम केला, मला उचलून गाडीत बसवलं आणि आत्याकडे न पाहता बैलांना म्हणाले, "चला बापा, पाहुणे आले." सगळा रस्ता ते बैलांबद्दलच बोलत राहिले. कोणता आळशी, कोणता लबाड, कोणाला गूळ लागतो. बाबा हूं हूं करत होते. आत्या मागे तोंड करून बसली होती, गेलेला रस्ता पाहत.

पाळीचा, म्हणजे मातीच्या बांधाचा, चढ चढून गाडी वर आली आणि समोर तलाव आला. मी तोवर नागपूरचा फुटाळा तलाव पाहिला होता, गांधीसागर पाहिला होता. हे पाणी तसं नव्हतं. धुकं अजून उठलेलं नव्हतं आणि खरोखरच पलीकडचा काठ दिसत नव्हता. काठाला धरून गाव होतं: कवेलूंच्या छपरांची घरं, चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, खाली गेरूचा पट्टा, दारापुढे सडा. बांबूंवर जाळी वाळत होती. चिंचेखाली बाया मोठ्या गंजात शिंगाडे उकडत होत्या आणि त्या वाफेचा गोडसर, मातकट वास सगळ्या गावावर पसरला होता. पाण्यात बदकं होती, इतकी की लांबून काळी ओळच दिसायची. ती कुठून कुठून थंडीपुरती येतात, असं देवरावजींनी सांगितलं. मी गाडीतून उडी मारून पाण्याकडे धावले आणि कोणी मला ओरडलं नाही.

देवरावजींनी आम्हाला डोंग्यातून फिरवलं. पाणी इतकं नितळ होतं, की शिंगाड्यांचे वेल खाली तळापर्यंत उतरलेले दिसत होते. ते बांबूने डोंगा रेटत वेलींत नेत आणि हिरवे शिंगाडे तोडून आमच्या ओंजळीत टाकत. कच्चा शिंगाडा दाताने सोलला की आत दुधासारखा गर. बाबा डोंग्याची कड घट्ट धरून बसले होते. त्यांचा चेहरा पाहून आत्याला हसू आलं. "दादा, नदीवर पोहत होता ना गा तू? आता काहून घाबरून राहिला?" बाबा म्हणाले, "तेव्हा घरी पोट्टी नव्हती ना वं." आणि आत्या मोठ्याने हसली. तिचं हसणं पाण्यावरून गेलं आणि बदकांची एक रांग फडफडत उठली. आत्या इतक्या मोठ्याने हसते हे मला माहीत नव्हतं. तिने हात पाण्यात सोडला होता, बांगड्यांपर्यंत, आणि डोंगा फिरेल तसा तो पाण्यात फिरत होता. त्या वेळी मी जितकी सुखात होते तितकी त्याआधी कधी असेन असं वाटत नाही.

काठावर उतरलो तेव्हा देवरावजी स्वयंपाकाचं पाहायला पुढे गेले आणि बाबा त्यांच्यासोबत. देवरावजींच्या शेजारी राहणाऱ्या भावजयीने, रुखमाबाईंनी, मला उकडलेले शिंगाडे खायला बसवलं. बाई प्रेमळ होती, पण तोंडात तीळ भिजत नव्हता. माझ्या वेणीवरून हात फिरवत ती म्हणाली, "तुही आत्या आमच्या गावाले आली, तं तू तिकडे कोणापाशी राहशीन वं, माय?"

मला आधी काही समजलं नाही. मग एकेक समजत गेलं: हिरवा ब्लाऊज, जोडलेले हात, आणि आत्याकडे न पाहणारे देवरावजी. आम्ही तलाव पाहायला आलोच नव्हतो. मी शिंगाडे तिथेच टाकले आणि काठाकाठाने चालत सुटले. माझ्या कानांत नुसती शिलाई मशीन वाजत होती आणि मध्येच ती कायमची थांबत होती. एका दगडाशी पोचल्यावर पुढे वाट नव्हती म्हणून थांबले. मागून आत्या आली.

"मिने, तिथं चिखल हाय. इकडे सरक."

"तू इथं राह्याले येऊन राहिली का?"

ती माझ्याशेजारी दगडावर बसली. "कोणं सांगतलं तुले?"

"त्या बाईनं. साऱ्या गावाले माहीत हाय. मलेच नाही."

"जेवण झाल्यावर मीच सांगणार होती. तुहे बाबा म्हणत होते, पोट्टीले कायले न्यायचं. मी म्हटलं, तिले नेल्याबिगर मी घराबाहेर पाऊल टाकत नाही."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुले नाही आवडलं हे गाव, हा माणूस, तं मी कायले येऊ?"

मला रडायचं होतं आणि भांडायचंही होतं. मी विचारलं, "तुले यायचं हाय का?"

आत्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग अगदी हळू म्हणाली, "मले समजून नाही राहिलं, मिने. असं मले कोणी इचारलंच नव्हतं. मी बी मले इचारलं नव्हतं. सकाळी गाडीत बसली तेव्हा वाटलं, इथूनच परत फिरावं. मंग डोंग्यात बसली, तं वाटलं, अजून थोडं फिरवावं यानं." एवढं बोलून तिलाच लाज वाटली असावी. तिने माझं नाक पुसलं आणि उठली. "चाल. लोक जेवणाचे थांबले असन."

देवरावजींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात ते एकटे आणि स्वयंपाक ते स्वतः करत. सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, त्यांनी पाट मांडले होते. मरळ मासळीचा लालभडक रस्सा, जवसाच्या तेलात तळलेले तुकडे, आणि चिन्नोरच्या तांदळाचा भात. त्या भाताच्या वासानेच भूक खवळत होती. बाबा आणि मी बसलो. आत्याने सवयीने पदर कमरेला खोचला आणि ती आत वळली. "तुम्ही बसा दादासोबत. मी वाढते."

देवरावजी दारातच उभे राहिले, हातात पळी घेऊन. "तुम्हाले माह्या चुलीपाशी काही सापडणार नाही. मीठ कुठं ठेवलं हे मलेच सकाळी शोधा लागते. तुम्ही बसा."

"बाया मागून जेवतात ना."

"इथं बायाच नाही, तं मागून कोण जेवन?" ते म्हणाले. "बसा. गरम हाय तवर घ्या."

आत्या पाटावर बसली. ती अवघडून गेली होती. हात कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं. तिच्या ताटात वाफाळता भात पडला, त्यावर रस्सा पडला, तुकडे पडले. तिने पहिला तुकडा उचलला, बोटांनी काटे काढले आणि तो माझ्या ताटात ठेवला. दुसरा उचलला, तोही माझ्याच ताटात यायला लागला तेव्हा मी म्हटलं, "मी काढते काटे. तू खा." तेव्हा तिने पहिला घास घेतला.

ते जेवण मी आज म्हातारपणीही डोळ्यांपुढे आणू शकते. आत्या मान खाली घालून जेवत होती. भात रश्शात कालवायची, काटे जिभेने शोधून ताटाच्या कडेला नीट ओळीने ठेवायची, पुन्हा घास घ्यायची. तिखटाने तिचं नाक लाल झालं, वरच्या ओठावर घाम आला, डोळ्यांतून पाणी वाहिलं, तरी ती थांबली नाही. कितीतरी वर्षांनी ती मासळी खात होती. कितीतरी वर्षांनी ती गरम जेवत होती. आणि तिच्यामागे कोणीतरी पळी घेऊन उभं होतं. माझं लक्ष बाबांकडे गेलं. त्यांनी जेवण थांबवलं होतं आणि ते बहिणीकडे पाहत होते. मला वाटतं, आम्हा दोघांना एकाच वेळी तेच दिसलं.

ताट रिकामं झाल्यावर आत्याने पाण्याचा गिलास ओढला आणि म्हणाली, "बस झालं." ते "बस झालं" माझ्या ओळखीचं होतं. भांड्यात काही उरलं नसलं की ती घरी तसंच म्हणायची. इथे तर भांडं भरलेलं होतं.

मी देवरावजींना म्हटलं, "काका, आत्याले अजून वाढा ना."

देवरावजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ आत्याकडे पाहिलं, आणि भात वाढला, रस्सा वाढला. "घ्या आता. पोरीचा हुकूम हाय." आत्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तिखटाचं पाणी होतं की दुसरं, ते मी कधी विचारलं नाही. तिने तोही भात खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत. मी ते बोलले तेव्हा लग्नाला होकार द्यावा असं काही माझ्या मनात नव्हतं. ती उपाशी उठू नये एवढंच होतं. पण आत्या पुढे नेहमी म्हणायची, की माझं लग्न मिनीने जमवलं, जेवता जेवता.

हात धुऊन झाल्यावर बाबा तिला म्हणाले, "सुमन, आता माहं काही पाहू नको. पोरीचं मी पाहीन. तू तुह्या मनाचं सांग." बाबांना धड चहा करता येत नव्हता, हे तिथे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग देवरावजींनाच म्हणाली, "माही एक गोष्ट हाय. हे घर माह्या पोरीचं माहेर राहीन. ती केव्हाबी येईन, कितीबी दिवस राहीन. कोणं काही म्हणायचं नाही."

"माहेरच हाय तं किल्ली बी तिलेच देऊन टाकतो," देवरावजी म्हणाले. "कुलूप तसंही मोडलं हाय."

सगळे हसले, पण त्या माणसाने तो शब्द शेवटपर्यंत पाळला. ते काही संत नव्हते. तंबाखू सुटली नाही, आणि संताप आला की शेजारच्या बांधापर्यंत ऐकू जायचा. पण माझ्या पहिल्या बाळंतपणाला मला न्यायला ते स्वतः आले, आणि माझ्या लेकीची पहिली आंघोळ सावरटोलीच्या पाण्याने झाली. त्यांना जाऊन आता बराच काळ झाला. आत्या आहे. ऐकू कमी येतं, पण मी गेले की आधी ताट वाढते, आणि मी तिला हाताला धरून माझ्यासोबत बसवते.

लग्न फाल्गुनात झालं. मी धीटपणे नाचले-बागडले आणि तिची गाडी निघाल्यावर पेरूच्या झाडामागे जाऊन ओकले. मशीन तिच्यासोबत गेली. शाळेतून येताना कोपऱ्यावर काहीच ऐकू यायचं नाही, तेव्हा मी पावलं मुद्दाम हळू टाकायची. बाबा वरण करपवायचे, मी भात गिच्च करायची, आणि आम्ही दोघं एकमेकांना "चांगलं झालं" म्हणत जेवायचो. हळूहळू बाबा खरंच चांगला स्वयंपाक करायला लागले. पण ते महिने कठीण गेले. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की मला आत्याचा राग आहे.

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या. बाबांना रजा नव्हती, म्हणून त्यांनी मला एकटीलाच बसमध्ये बसवून दिलं, कंडक्टरला दहा वेळा सांगून. दिवसातून एक बस आता मौद्याच्या पुढे थेट सावरटोलीपर्यंत जायला लागली होती. ती ठरल्यापेक्षा लवकर पोचली, म्हणून मला घ्यायला कोणी आलेलं नव्हतं. मी थैली घेऊन स्टॉपवर उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं. तलाव अर्ध्यावर आला होता आणि काठाला भेगा पडल्या होत्या. एक म्हातारी डोक्यावर काटक्यांचा भारा घेऊन चालली होती. ती माझ्यापाशी थांबली, मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "कोणाची वं तू?"

हा प्रश्न मला जन्मभर लोकांनी विचारला होता, आणि मी नेहमी बाबांचं नाव सांगायचे. त्या दिवशी माझ्या तोंडून वेगळंच निघालं.

"सुमनची."

"सुमनची होय?" म्हातारीने एका हाताने भारा सावरला आणि दुसऱ्या हाताने माझी थैली घेतली. "मंग इथं उन्हात काहून उभी हाय? चाल घरी."